जांभळ्या उजेडातली हळद

सांगलीत हळदीची पेढी घातली ती नीलव्वा आवटींनी. त्यांची सून बाळव्वा. नवऱ्यामागे पेढी तिने चालवली, आणि आवटींचे पोते उघडून पाहावे लागत नाही, हा लौकिक तिनेच मिळवला. बाळव्वांची सून शांतव्वा. महापुराचे पाणी गोदामात शिरले तेव्हा शेवटचे पोते माळ्यावर चढेपर्यंत ती खाली उभी होती. आणि शांतव्वांची सून गिरिजाक्का. आवटींच्या घरात पिढ्या मोजायच्या त्या अशा, सासूकडून सुनेकडे. मुलगे मध्ये येऊन जात. त्यांची नावे लग्नपत्रिकेपुरती लागत.

पेढीच्या किल्ल्यांबरोबर आणखी एक गोष्ट या घरात सासूकडून सुनेकडे येई. नीलव्वांचा लेप. आंबेहळद, तिळाचे तेल आणि दुधावरची साय. सुनेला पाचवा महिना लागला की दर शुक्रवारी न्हाण्याआधी सासूने तो आपल्या हाताने तिच्या पोटाला लावायचा. म्हणजे पोट वाढताना कातडीवर वण उठत नाहीत, असे नीलव्वा सांगून गेल्या होत्या. पुढच्या तिघींनीही तो नेमाने लावून घेतला आणि तिघींच्याही पोटावर वण उठले. गिरिजाक्कांच्या बेंबीखाली तर हळकुंडावर असतात तशा कड्याच कड्या होत्या. परंतु लेपाला दोष देण्याचे धैर्य आजवर कोणाला झाले नव्हते.

गिरिजाक्कांनी सत्तरी ओलांडली होती. ‘मला कळत नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते, आणि त्यांच्या शिरावर कोणाचे देणे आहे, हेही कोणी ऐकले नव्हते. मात्र देणे होते. रेवणच्या वेळी त्या अवघडलेल्या असताना शांतव्वा अचानक गेल्या, आणि माहेरी आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. बाळंतिणीकडे बघायला घरात बाईमाणूस उरले नाही. तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातली सुलभा देशिंगे, जिची स्वतःची कूस अजून उजवली नव्हती, पदर खोचून आत आली. सव्वा महिना तिने तेल-पाणी, शेक-शेगडी, आळिवाची खीर, बाळाची धुरी, काही म्हणजे काही चुकू दिले नाही. निघताना गिरिजाक्कांनी तिच्यापुढे नवीकोरी इरकल साडी धरली. सुलभाने ती हसून परत सारली.

“साडीनं नाही फिटायचं, आक्का. बाळंतपण बाळंतपणानंच फिटतं. माझी वेळ येईल तेव्हा करा की.”

सुलभाची वेळ आली तेव्हा तिची आई येऊन तिला जतला घेऊन गेली. पुढे मुलगी शाळेत असतानाच सुलभा तापाने गेली. साडी कपाटात राहिली, घडी न मोडता. आणि तीच मुलगी, शर्वी, मोठी होऊन रेवणची बायको म्हणून आवटींच्या घरात आली. आता तिला दिवस गेले होते. तिला माहेर नव्हते. बाळंतपण इथेच होणार होते. सुलभाने केले त्याहून ते तसूभरही उणे होता कामा नये, हे गिरिजाक्कांनी कोणाला न विचारता ठरवून टाकले.

पाचव्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी त्या लेपाची वाटी घेऊन सुनेच्या खोलीत गेल्या. शर्वीने सदरा वर केला आणि गिरिजाक्कांचा हात वाटीतच थांबला. पोटावर कांद्याच्या पातळ सालीसारखे काहीतरी बसवलेले होते. मधून मधून त्याच्या कडेला जांभळा ठिपका लुकलुकत होता.

“हे काय चिकटवलंयस?”

“अक्षता पट्टी. जेवताना सांगितलं होतं मी, आक्का.”

“जेवताना मी जेवते. आता सांग.”

शर्वीने सांगितले. ती तलावावर मुलींना पोहायला शिकवत असे आणि समजावून सांगण्याची तिला सवय होती. आपल्या कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन नावाचे चिवट धागे असतात आणि इलॅस्टिन नावाचे लवचीक. गरोदरपणात काही संप्रेरके वाढतात, त्यांनी हे धागे अशक्त होतात. त्याच वेळी पोट भराभर वाढते. वरची कातडी ताण सोसते, आतले धागे मात्र तुटतात. ते भरून येतात, पण रफू केल्यासारखे. तो रफू म्हणजे पोटावरचा वण. वरून लावलेले तेल किंवा लेप त्या थरापर्यंत पोहोचतच नाही.

“पोहोचत नाही?” गिरिजाक्कांनी विचारले.

“नाही. म्हणजे, माया पोहोचते,” शर्वी घाईने म्हणाली.

पट्टीचे काम वेगळे होते. ती कातडीवर जांभळ्या प्रकाशाचे बारीक ठोके देई. त्या प्रकाशात कोलॅजन स्वतः अगदी मंद निळसर उजळते. ती निळाई जिथे विरळ होईल तिथे धागे ताणले गेले, हे पट्टीला समजे. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांतून ती त्याच जागी थेंबाच्या कणाएवढे औषध सोडी आणि तिथल्या पेशींना नवे धागे विणायला लावी. धागा तुटण्याआधीच जोड मिळे. ताणाचा हिशेब ठेवता ठेवता पोट किती वाढले, हेही तिला आपोआप कळे, आणि ते ती मिरजेला डॉ. निलोफर मुजावर यांच्या दवाखान्यात कळवीत राही.

“माझ्या वर्गातल्या सगळ्याजणींनी लावली होती,” शर्वी म्हणाली. “आता वण कुणाच्याच पोटावर नसतात, आक्का. तलावावर एखादीच्या दिसले तर पोरी वळून बघतात. विचारतात, बाईंना भाजलंय का.”

गिरिजाक्कांचा हात नकळत आपल्या निऱ्यांवर गेला. आपल्याला राग आला आहे की लाज वाटते आहे, हे त्यांना ठरवता येईना. असे यापूर्वी झाले नव्हते. त्यांनी ते रागाच्या खात्यात टाकले.

“पट्टी रोज असते का अंगावर?”

“शुक्रवारी बदलायची. न्हायच्या वेळी जुनी काढायची, न्हाऊन झाल्यावर नवी.”

“मग झालं तर. मधल्या वेळात मी लेप लावते, तू न्हाऊन घे. पट्टीची पट्टी, लेपाचा लेप. भांडण कशाला?”

शर्वीला यात काही वावगे दिसले नाही. लेप लागला, चोळून धुतला गेला, नवी पट्टी बसली.

दुपारी जेवणे आटोपत होती तेवढ्यात शर्वीच्या मनगटावरचे यंत्र बोलू लागले. पोटावरचा ताण शून्यावर आला होता. वाढ थांबली होती. ताबडतोब डॉक्टरांना भेटायचे होते. रेवणच्या हातातले ताट तसेच राहिले. गिरिजाक्का मागच्या आसनावर सुनेचा हात धरून बसल्या होत्या.

डॉ. मुजावरांनी सोनोग्राफी केली. बाळ आत मजेत पाय झाडत होते. मग त्यांनी कपाळाला आठी घालून खोलीतला दिवा बंद केला आणि जांभळा दिवा शर्वीच्या पोटावर धरला. पोट पिवळेधमक उजळले.

“हळद,” डॉक्टर म्हणाल्या आणि हसू आवरत खुर्चीत बसल्या. “या उजेडात हळद कोलॅजनपेक्षा कितीतरी जास्त उजळते. पट्टीला वाटलं, धागे भरगच्च आहेत, ताणच नाही. म्हणजे पोट वाढायचं थांबलं. आक्का, घासून धुतली तरी हळद कातडीतून जात नाही, हे मी तुम्हाला सांगायचं का?”

रेवण परतताना म्हणाला, “आक्का, तुला नुसता घाम आला तरी त्यात हळद असेल. जरा लांब राहा.”

शर्वी रडत होती. सासूकडे न बघता म्हणाली, “मला वाटलं, गेलं.”

त्या एका वाक्याने गिरिजाक्का हलल्या. घरी पोहोचताच त्यांनी वाटीतला उरलेला लेप तुळशीच्या मुळाशी ओतला, साबणाने हात धुतले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

“आजपासून तुझ्या पोटाला माझ्याकडून हळद लागणार नाही. हा माझा शब्द.”

हळदबाजारात गिरिजाक्कांचा शब्द लिहून घेण्याची पद्धत नव्हती.

त्यांनी तो पाळलाही. पेढीवर बसणे सोडले. रेवणला गोदामातून आला की अंगणातच कपडे बदलायला लावले. सुनेच्या केसांना तेल लावायचे तेही हातमोजे घालून, म्हणून शर्वीने त्यांना ‘सर्जन’ म्हणायला सुरुवात केली. इकडे पट्टी बनवणाऱ्या कंपनीनेही आपल्या परीने दखल घेतली. या घरात हळद आहे, हे पट्टीने शिकून घेतले. यापुढे आकडे वेडेवाकडे आले तर त्यातून हळदीचा वाटा वजा करून मगच ते कळवायचे, अशी दुरुस्ती तिच्यात आपोआप झाली. सगळ्यांनाच ती सोयीची वाटली.

आठव्या महिन्यात एका सकाळी शर्वी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा ताठ होता.

“आक्का, पुन्हा लावलीत?”

“काय?”

“हळद. पट्टी सांगतेय. ताण कमी दाखवतोय, पण बाहेरच्या रंगामुळे, हळदीमुळे. दुरुस्ती केली आहे, काळजीचं कारण नाही. गेला आठवडाभर रोज हेच. मी झोपले असताना लावता का? तसं असेल तर तसं सांगा.”

“शर्वी, मी शब्द दिलाय.”

“मग कुठून येते? आभाळातून?”

रेवणने दवाखान्यात फोन लावला. तिकडून आधी यंत्रच बोलले: हळदीची दुरुस्ती लागू आहे, वाढ समाधानकारक आहे, पुढची तपासणी ठरल्या दिवशी. गिरिजाक्कांनी फोन हातात घेतला.

“मला माणूस हवंय बोलायला,” त्या म्हणाल्या. काही वेळाने डॉ. मुजावरांचा आवाज आला.

“आक्का, तुम्ही मुद्दाम लावली असं नाही म्हणत मी. पण तुमच्या घरात हवेतसुद्धा असणार ती. टॉवेलाला, चादरीला. नका मनाला लावून घेऊ. पुढच्या आठवड्यात येणारच आहात.”

फोन ठेवला तेव्हा सगळे शांत झाले होते. शर्वीला तर हायसेच वाटले होते. सासू खोटे बोलते, यापलीकडे दुःख नव्हते. एकट्या गिरिजाक्का अस्वस्थ होत्या. मुलगा म्हणतो हळद, सून म्हणते हळद, डॉक्टर म्हणते हळद, आणि यंत्रही म्हणते हळद. चौघे एका बाजूला असताना पाचव्याने काय समजायचे? त्यांनी आपली नखे पाहिली. कडांना पिवळी रेघ होती. ती जन्माची होती. हातमोज्यांतून आली असेल? चादरींना त्यांनी स्वतः घड्या घातल्या होत्या. की आपण वाटी घेऊन गेलो आणि विसरलो? या वयात माणसे विसरतात. आपण शब्द मोडला आणि तो मोडल्याचे आपल्यालाच ठाऊक नाही, असे होऊ शकते का? ते शक्य नाही, असे म्हणायला त्यांच्या मनाने प्रथमच नकार दिला.

मग त्यांच्या मनात आले, की या वेळी सगळ्यांनी हळद मानली आहे, पण पाहिलेली कोणीच नाही.

माल शुद्ध आहे की त्यात रंगाची भेसळ आहे, हे पाहायला पेढीवर एक जांभळा दिवा असे. त्यांनी तो मागवून घेतला. भर दुपारी शर्वीच्या खोलीची दारे-खिडक्या लावल्या, फटींवर सतरंज्या टाकल्या.

“आता काय नवीन?” शर्वी म्हणाली.

“पट्टी काढ. काढली तर मरत नाही ती.”

“आक्का, राहू द्या. झालं ते झालं, मी चिडलेली नाही.”

“मी चिडलेली आहे. काढ.”

गिरिजाक्कांनी दिवा आधी आपल्या हातावर धरला. तळवा, बोटे, मनगटापर्यंतच्या सुरकुत्या, सारे पिवळे पेटले, जणू हातात दुसरा हात होता. शर्वी त्या हाताकडे पाहतच राहिली. मग त्यांनी दिव्याचा झोत तिच्या पोटाकडे वळवला.

पोट काळेसावळे, गुळगुळीत, अंधारासारखे राहिले. बेंबीपाशी नाही, कुशीला नाही, पट्टीच्या कडेला नाही. पिवळा ठिपका कुठेही नव्हता. गिरिजाक्कांनी चादर पाहिली, टॉवेल पाहिला. उशीच्या अभ्र्यावर एक पुसट डाग चमकला, तेवढाच.

“नाही लावलीत तुम्ही,” शर्वी हळूच म्हणाली. “आक्का, मी उगाच…”

“ते राहू दे. नीट ऐक. हळद नाही, तर ती वजा कशातून केली?”

शर्वीने बाजूला काढून ठेवलेली पट्टी उचलून हातात घेतली.

“आधी जो आकडा आला, ताण कमी, वाढ कमी, तो खोडला कशाच्या जोरावर? हळदीच्या. आणि हळद तर नाही. म्हणजे आधीचा आकडा खरा. ही तुझी पट्टी आठवडाभर खरं बोलते आहे आणि स्वतःच स्वतःला खोटं पाडते आहे. माझ्या नावावर.”

ज्या वस्तूचा त्यांनी तीन महिने तिरस्कार केला, तिच्या बाजूने साक्ष देणारे घरात आज एकच माणूस होते. हे कसे झाले, हे पुढे कितीही विचार केला तरी त्यांना नीट उलगडले नाही. त्या क्षणी विचार करायला वेळही नव्हता. त्यांनी दार उघडून रेवणला हाक मारली.

“गाडी काढ. मिरज.”

“पण डॉक्टर तर म्हणाल्या की…”

“डॉक्टरांना काय सांगायचं ते मी बघते. गाडी काढ.”

डॉ. मुजावरांवर या खेपेला हसू आवरण्याची वेळ आली नाही. पडद्याकडे पाहता पाहता त्यांचा चेहराच बदलत गेला. वारेतून बाळाला रक्त कमी पडत होते. वाढ खरोखरच थांबत आली होती आणि बाळ दमले होते. फुप्फुसांना बळ यावे म्हणून आईला इंजेक्शने दिली गेली, ठोक्यांवर नजर ठेवली गेली, आणि जेवढे थांबता येईल तेवढे थांबून शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली तेव्हा आवाज आवटींच्या घराचा होता. तिला काचेच्या पेटीत ठेवले.

“पुढच्या आठवड्यापर्यंत थांबला असतात तर,” डॉक्टर गिरिजाक्कांना म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडले. “दुरुस्तीवर विसंबायला नको होतं मी. हे कंपनीला कळवते आहे.”

“एक विचारते. हे त्या पट्टीमुळेच तर झालं नाही?”

डॉक्टरांनी शर्वीचे जुने अहवाल पुन्हा चाळले. “आजवर तसं कुठे आढळलेलं नाही. वार कमी पडणं पट्टीशिवायही होतं, पूर्वीही व्हायचं. पण तिच्यामुळे झालंच नाही, असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. ती नसती तर मात्र इतक्या लवकर कळलं नसतं, एवढं नक्की.”

म्हणजे ती वैरीण की सखी? गिरिजाक्का काचेच्या पेटीसमोर उभ्या राहून हेच विचारत राहिल्या. बाळाच्या छातीवरही एक इवलीशी पट्टी होती आणि तिचाही ठिपका लुकलुकत होता.

शर्वी आधी घरी आली, रिकाम्या हातांनी. गिरिजाक्कांनी तिला जेवू घातले, टाके जपले, तिने काढलेले दूध रोज मिरजेला पोहोचवले. पण बाळंतपण मोजायला घेतले नाही. “लेक घरी येऊ दे,” त्या म्हणत, “मग सुरू.” लेक आली तेव्हा त्यांनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि त्या दिवसापासून सव्वा महिना धरला. तेल-पाणी, शेक, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला धुरीऐवजी डॉक्टरांनी सांगितली ती ऊब. एका गोष्टीचा तेवढा फरक झाला. सुलभाने गिरिजाक्कांच्या अंगाला हळद लावली होती. त्या मात्र ती शर्वीला दुधातून देत होत्या. पोटात गेलेल्या हळदीवर कोणाचा आक्षेप नव्हता.

शेवटच्या न्हाणाला शर्वी पाटावर बसली. पोट सैल पडले होते, पण त्यावर वण एकही नव्हता. खाली टाक्यांची आडवी रेघ तेवढी होती, अजून लालसर.

“कंपनीचा निरोप आलाय,” शर्वी म्हणाली. “ही रेघसुद्धा जाईल म्हणतात. नवी पट्टी, सहा महिने. आपल्याला फुकट.”

गिरिजाक्का तिच्या खांद्यांवरून पाणी ओतत राहिल्या.

“लावू का, आक्का? एकदा वाटतं, लावावी. एकदा वाटतं, ही बाहेर आली त्याची एवढी एकच खूण आहे, ती कशाला पुसायची? मग वाटतं, पोरी पुन्हा विचारतील, भाजलं का. त्या दिवशी तुमच्या हाताकडे बघितलं आणि… मला काही कळत नाही.”

पाण्याचा तांब्या हवेत थांबला. आवटींच्या चार पिढ्यांत अशा प्रश्नाला उत्तर नाही असे कधी झाले नव्हते. हो किंवा नाही, दोन्हीपैकी काहीही म्हटले असते तरी सुनेने ऐकले असते.

“मलाही कळत नाही गं,” त्या म्हणाल्या.

शर्वीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग दोघींनाही हसू आले.

अंग पुसून झाल्यावर गिरिजाक्कांनी कपाटातून इरकल साडी आणली. घडीच्या रेघा इतक्या पक्क्या झाल्या होत्या की ती उलगडताना कागदासारखी वाजली. हिरव्या अंगाला तांबडा काठ, तसाच चकचकीत. त्यांनी ती सुनेच्या ओंजळीत ठेवली.

“ही तुझ्या आईला देत होते. तेव्हा ती देण्यापोटी होती, म्हणून तिनं घेतली नाही. आज देणं उरलेलं नाही. तू घे.”

शर्वीने साडी घेतली आणि घडी मोडली.